जानेवारीत ठाण्यात ८० मिलिमीटर पाऊस दिसला, तर

ठाण्याच्या रोजच्या पावसाचा आलेख काढला आणि ६ जानेवारीला ८० मिलिमीटरची उंच पट्टी उभी राहिली, तर अवकाळी पावसाच्या बातम्या शोधू नका. ती पट्टी १ जूनची आहे. मूळ फाईलमध्ये ०१/०६ असं लिहिलेलं होतं आणि वाटेत कुणीतरी, बहुधा एक्सेलने, महिना आधी धरून ते अमेरिकी पद्धतीने वाचलं. असं झालं की जूनच्या पहिल्या बारा तारखा जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांच्या ६ तारखांवर जाऊन बसतात. १३ तारखेपासूनच्या नोंदी एकतर मजकूर म्हणून पडून राहतात, नाहीतर गायब होतात.

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत पर्यावरणशास्त्र, भूगोल किंवा संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी पावसाचे आकडे घेऊन आर या संगणकभाषेत काम करणाऱ्यांचा वेळ इथेच खर्ची पडतो. आलेख बिघडला की पहिला हात जातो तो आलेख काढणाऱ्या जीजीप्लॉट पॅकेजच्या कोडकडे: स्केल बदल, थीम बदल, ग्रुप टाकून बघ. बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो फाईल वाचताना झालेला असतो आणि आलेखावर नुसता दिसतो. म्हणून खाली प्लॉटिंग शेवटी येतं आणि तारखांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी फाईल नुसती बघा

सीएसव्ही फाईलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडायची आणि 'नीट करून' सेव्ह करायची, ही सवय सोडा. एक्सेल उघडतानाच तारखा स्वतःच्या समजुतीप्रमाणे बदलतं आणि सेव्ह केल्यावर मूळ मजकूर परत मिळत नाही. फाईल नोटपॅडमध्ये उघडा, किंवा आरमध्येच रीडलाइन्स वापरून पहिल्या दहा आणि शेवटच्या पाच ओळी छापा. आपल्याकडच्या तक्त्यांमध्ये वर दोन-तीन ओळी शीर्षकाच्या असतात, मग कॉलमची नावं, आणि सगळ्यात खाली 'एकूण' अशी ओळ. वरच्या ओळींसाठी स्किप हे आर्ग्युमेंट द्या. खालची ओळ मात्र नंतर नाव घेऊन काढावी लागते. ती राहिली तर महिन्याच्या बेरजेचा आकडा एका दिवसाचा पाऊस म्हणून आलेखावर येतो आणि बाकीच्या सगळ्या पट्ट्या त्याच्यापुढे खुज्या दिसतात.

पहिल्या कॉलमच्या नावाआधी विचित्र अक्षरं आणि दोन टिंबं दिसली, तर फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण आहे. रीड डॉट सीएसव्हीला फाइलएन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-बीओएम' दिलं की ती जाते. कॉलमच्या नावातले कंस आणि मोकळ्या जागा यांची टिंबं होतात, ती चेक डॉट नेम्स फॉल्स केल्यावर होत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वाचनात एकाही कॉलमचा प्रकार आरला ठरवू देऊ नका. रीड डॉट सीएसव्हीच्या कोलक्लासेसला 'कॅरेक्टर', म्हणजे मजकूर, द्या. रीडआर पॅकेज वापरत असाल तर कोल_टाइप्समध्ये डीफॉल्ट कॅरेक्टर ठेवा. एक्सेलच्या फायली वाचणारं रीडएक्सेल पॅकेज असेल तर कोल_टाइप्सला 'टेक्स्ट'. सगळं मजकूर म्हणून आत येऊ द्या आणि रूपांतर स्वतः, एकेक कॉलम घेऊन करा. दोन-चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण कुठला आकडा का गेला हे तुम्हाला कळलेलं असतं. रीडएक्सेल मुळात पहिल्या १००० ओळी बघून प्रकार ठरवतं. पर्जन्यमापकाची दर १५ मिनिटांची नोंद असेल तर दिवसाला ९६ ओळी होतात, म्हणजे १००० ओळींत जेमतेम साडेदहा दिवस. फाईल मेपासून सुरू होत असेल आणि पाऊस नसताना रकाना रिकामा सोडलेला असेल, तर त्या हजार ओळींत एकही आकडा सापडत नाही. कॉलम लॉजिकल (फक्त खरं-खोटं साठवणारा) ठरतो आणि जूनमधले आकडे आकडे म्हणून उरत नाहीत. गेस_मॅक्स वाढवून हे टळतं, पण प्रकार स्वतः सांगणं जास्त भरवशाचं.

तारखांचा साचा मोजा

तारखेचा कॉलम मजकूर म्हणून आत आला की लगेच मजकुराची तारीख करणाऱ्या ॲज डॉट डेटकडे धावू नका. आधी जीसब वापरून प्रत्येक इंग्रजी अंकाच्या जागी ९ घाला आणि निकालावर टेबल चालवा. हजारो तारखांचे पाच-सहा साचे उरतात आणि प्रत्येकाची संख्या समोर येते: ९९/९९/९९९९ इतके, ९९.९९.९९९९ इतके, ९९९९९ इतके, 'दि. ९९/९९/९९' इतके. देवनागरी अंकांत लिहिलेल्या तारखा या बदलात सापडत नाहीत, त्यामुळे त्या टेबलमध्ये एकेक वेगळ्या दिसतात आणि चटकन ओळखू येतात. त्यांना चार्टआर: पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये दहा देवनागरी अंक, दुसऱ्यात त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंक.

दोन साचे दिसायला एकसारखे, पण टेबलमध्ये वेगळे मोजलेले असतील, तर मध्ये न दिसणारी जागा आहे. वेबपानावरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या तक्त्यात न तुटणारी जागा येते. ट्रिमडब्ल्यूएस मुळात ती काढत नाही. त्याच्या व्हाइटस्पेस आर्ग्युमेंटमध्ये चौकटी कंसात स्लॅश-एच आणि स्लॅश-व्ही द्यावं लागतं, उलटा स्लॅश आरच्या रिवाजाप्रमाणे दुहेरी. मग ती निघते.

साचे कळले की प्रत्येक साच्यासाठी वेगळी ओळ लिहा. आधी पूर्ण लांबीचा रिकामा तारीख-वेक्टर करा, म्हणजे ॲज डॉट डेट ऑफ एनए (एनए ही आरमधली 'नोंद नाही' याची खूण), रेप वापरून हवा तेवढा लांब. मग ग्रेपएलने एका साच्याच्या जागा शोधा, तेवढ्याच जागांवर त्या साच्याच्या फॉरमॅटने रूपांतर करून भरा आणि पुढच्या साच्याकडे जा. शेवटी मूळ मजकूर रिकामा नसून तारीख एनए राहिली आहे अशा नोंदी युनिकने छापा. ही यादी रिकामी होईपर्यंत पुढे जाऊ नका.

ॲज डॉट डेट चूक करतं तेव्हा गप्प असतं

एरर आली तर निदान थांबायला होतं. खरा धोका एरर न येण्यात आहे. ॲज डॉट डेटला फॉरमॅट दिला नाही तर ते आधी वर्ष-महिना-दिवस डॅशने आणि मग वर्ष/महिना/दिवस स्लॅशने असे दोनच साचे बघतं, आणि तेही कॉलममधल्या पहिल्या न-रिकाम्या नोंदीवर. ०५/०६/२०२३ ही नोंद दुसऱ्या साच्यात बसते! ०५ हे वर्ष, ०६ महिना, आणि २०२३ मधले पहिले दोन अंक घेऊन दिवस २०. निकाल: सन ५ मधला २० जून. उरलेले २३ आर सोडून देतं, कारण फॉरमॅट संपल्यावर मागे राहिलेल्या मजकुराची ते दखलच घेत नाही. त्यामुळे जून महिन्याचे तीस दिवस सन १ ते सन ३० मधले तीस २० जून होतात, आणि आलेख तीस वर्षांचा दिसतो. रूपांतर झालं की लगेच रेंज छापा. ही चूक त्या एका ओळीत पकडली जाते.

फॉरमॅटमधलं वर्षाचं अक्षरही जपून. मोठा वाय चार अंकी वर्षासाठी, छोटा दोन अंकी वर्षासाठी. ०५/०६/२०२३ ला छोटा वाय दिला तर तो २०२३ मधले पहिले दोन अंक घेतो आणि सगळ्या तारखा २०२० सालच्या होतात. फाईलमध्ये पाच वर्षांचा पाऊस असला तरी सगळा २०२० मध्ये एकावर एक रचला जातो. उलट ०५/०६/२३ ला मोठा वाय दिला तर वर्ष २३ येतं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं. दोन अंकी वर्षांत ०० ते ६८ हे २०००च्या शतकात आणि ६९ ते ९९ हे १९००च्या शतकात धरले जातात. जुन्या नोंदींवर काम करताना हे लक्षात हवं, कारण १९६५ सालचं ६५ हे २०६५ होतं.

महिन्याच्या जागी चुकून मोठा एम दिला गेला तर काय होतं, हे मुद्दाम करून बघा. मोठा एम म्हणजे मिनिटं. आरला महिना मिळतच नाही, म्हणून ते चालू महिना भरतं. आज चालवलं तर सगळ्या तारखा या महिन्याच्या, पुढच्या महिन्यात चालवलं तर पुढच्या महिन्याच्या. एकच कोड दर महिन्याला वेगळं उत्तर देत असेल तर पहिला संशय याच अक्षराचा घ्या.

महिन्याचं नाव अक्षरांत असेल, जसं ०५-जून-२०२३ इंग्रजीत, तर फॉरमॅटमधलं महिन्याच्या नावाचं अक्षर टक्का-बी हे लोकेलवर, म्हणजे संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर, अवलंबून असतं. संगणकाचं लोकेल मराठी किंवा हिंदी असेल तर इंग्रजी 'जून' ओळखला जात नाही आणि सगळा कॉलम एनए होतो. वाचण्याआधी सिस डॉट सेटलोकेलमध्ये एलसी_टाइमला 'सी' द्या.

लुब्रिडेट पॅकेजचं डीएमवाय हे फंक्शन डॅश, स्लॅश, टिंब अशी विभाजकं स्वतः सांभाळतं आणि न जुळलेल्या नोंदींची संख्या इशाऱ्यात देतं, म्हणून रोजच्या कामाला ते बरं. पण तो इशारा वाचायचा असतो. दहा ओळींच्या आउटपुटखाली लाल अक्षरांत आलेलं 'फेल्ड टू पार्स' नजरेतून सुटलं की तेवढ्या नोंदी गेल्याच.

सगळं झाल्यावर एक तपासणी, जी मी कधीच टाळायला सांगणार नाही: फॉरमॅटने फक्त दिवसाचा अंक काढा आणि त्याचं टेबल बघा. रोजची नोंद असलेल्या पूर्ण वर्षाच्या फाईलमध्ये १ ते २८ प्रत्येक अंक बारा वेळा यायला हवा, २९ आणि ३० अकरा वेळा (लीप वर्षात २९ बारा वेळा), ३१ सात वेळा. १ ते १२ भरलेले आणि १३ ते ३१ रिकामे असतील, तर महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली आहे.

एक्सेलमधून आलेली अर्धवट फाईल

कित्येक लॅपटॉपवर विंडोजचं प्रादेशिक सेटिंग अमेरिकी इंग्रजीच राहिलेलं असतं. अशा संगणकावर दिवस-महिना-वर्ष क्रमाच्या तारखा एक्सेलमध्ये उघडल्या की १२ पर्यंतचे दिवस महिना समजून खऱ्या तारखा बनतात आणि १३ पासूनचे मजकूर राहतात. एक्सेलमध्ये हे डोळ्यांना दिसतं: तारखा उजवीकडे सरकलेल्या, मजकूर डावीकडे. रीडएक्सेलने हा कॉलम मजकूर म्हणून वाचला की खऱ्या तारखा ४५०५२ सारख्या पाच अंकी संख्या होऊन येतात आणि बाकीच्या १३/०६/२०२३ अशाच येतात.

या पाच अंकी संख्या म्हणजे एक्सेलचे दिवस. आरमध्ये त्यांना आधी न्यूमेरिक करा आणि ॲज डॉट डेटला ओरिजिन म्हणून १८९९-१२-३० द्या. १ जानेवारी १९०० हा एक्सेलचा दिवस क्रमांक १ असताना ओरिजिन दोन दिवस मागे कशासाठी? एक दिवस मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते म्हणून. दुसरा दिवस २९ फेब्रुवारी १९०० या कधी अस्तित्वातच नसलेल्या तारखेचा: लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून एक्सेलने १९०० हे लीप वर्ष धरलं आणि ते तसंच राहिलं. ताळा करून बघायला ४५००० घ्या, १५ मार्च २०२३ यायला हवं. ओरिजिन १९७० राहिलं तर जून २०२३ च्या तारखा २०९३ मध्ये जातात. जुन्या मॅकवर बनलेल्या काही फायली १९०४ पासून मोजतात. त्यांत १४६२ दिवसांचा फरक पडतो, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस.

रूपांतर झालं तरी त्या तारखा अजून उलट्याच आहेत. ४५०५२ म्हणजे ६ मे २०२३, आणि मूळ नोंद होती ०५/०६, म्हणजे ५ जून. त्यांना सुलटं करायला एकच ओळ पुरते: तारखेला वर्ष-दिवस-महिना अशा क्रमाने फॉरमॅट करा आणि तोच मजकूर पुन्हा ॲज डॉट डेटला द्या. ते त्याला वर्ष-महिना-दिवस समजून वाचतं आणि अदलाबदल आपोआप उलटते.

हे करण्याआधी खात्री मात्र हवीच, कारण बरोबर तारखांवर हीच ओळ चालवली तर चांगली फाईल बिघडेल. पाच अंकी संख्यांतून आलेल्या तारखांमध्ये एकही दिवस १२ च्या पुढे असेल, तर अदलाबदल झालेली नाही. त्या तारखांना हात लावू नका. सगळे दिवस १२ च्या आत, आणि मजकूर राहिलेल्या नोंदींमध्ये पहिला अंक नेहमी १३ किंवा जास्त, असं दोन्ही असेल तरच उलटा. फाईल फक्त जूनची असेल तर खूण आणखी ठळक असते, सगळ्या तारखांचा दिवस ६ येतो.

हे सगळं इफएल्सने एका ओळीत करायचा मोह होतो. करू नका. इफएल्स तारखेचा क्लास, म्हणजे ती तारीख असल्याची ओळख, काढून टाकतं आणि हातात १९५१३ सारखी संख्या येते, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. डीप्लायआर पॅकेजचं इफ_एल्स क्लास टिकवतं, किंवा वर सांगितल्याप्रमाणे जागा शोधून भरा. फॉर लूपमध्ये तारखांच्या वेक्टरवर फिरतानाही क्लास असाच गळतो.

आकड्यांचा कॉलम

इथे एकच गोष्ट खरोखर विचार करण्याजोगी आहे: 'निरंक' आणि 'अप्राप्त'. पावसाच्या तक्त्यात निरंक म्हणजे पाऊस पडला नाही, शून्य. अप्राप्त म्हणजे नोंद आलीच नाही, एनए. दोन्ही शब्द एनए डॉट स्ट्रिंग्जमध्ये एकत्र टाकले तर कोरडे दिवस सरासरीतून गळतात आणि रोजचा सरासरी पाऊस फुगतो. दोन्हींचं शून्य केलं तर ज्या दिवशी मापक बंद होतं तो दिवस कोरडा ठरतो, आणि मापक बंद पडतं ते बहुतेक मुसळधार पावसातच. डॅशचा अर्थ काय ते फाईल देणाऱ्याला विचारा. तर्काने ठरवू नका. 'ट्रेस' म्हणजे मोजता न येण्याइतका पाऊस, बेरजेसाठी शून्य धरायला हरकत नाही. पावसाळी दिवसांच्या संख्येवर त्याचा परिणाम होत नाही, कारण भारतीय हवामान विभाग २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेला दिवसच पावसाळी धरतो.

वाशीच्या एपीएमसीतल्या आवकेसारख्या मोठ्या आकड्यांत १,२५,००० असा स्वल्पविराम येतो. ॲज डॉट न्यूमेरिक त्याचा एनए करतं. रीडआरचं पार्स_नंबर स्वल्पविराम कुठेही असला तरी काढतं, त्यामुळे लाखाची पद्धत आडवी येत नाही. २०२० मधल्या आर ४.० पूर्वीचा कोड कुठून उचललात तर त्यात मजकूर आपोआप फॅक्टर (आतून गटांचे, म्हणजे लेव्हलचे, क्रमांक साठवणारा प्रकार) होतो हे गृहीत धरलेलं असतं. फॅक्टरला थेट ॲज डॉट न्यूमेरिक लावलं तर ०, १२, ११०, ६४.५ या पावसाचे १, ३, २, ४ असे लेव्हलचे क्रमांक येतात. आधी ॲज डॉट कॅरेक्टर, मग न्यूमेरिक.

साडेआठ ते साडेआठ

वेळ असलेल्या नोंदींत ठाण्या-मुंबईसाठी एक वेगळा पेच आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो, आणि आकडा मोजणीच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या तारखेवर नोंदवला जातो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस २७ जुलैच्या सकाळी ८.३० ला संपलेल्या २४ तासांचा आहे. तुमच्या फाईलमध्ये तो २७ तारखेपुढे दिसला तर ती चूक नाही. दोन फायली जोडताना एक मध्यरात्र ते मध्यरात्र आणि दुसरी साडेआठची असेल, तर दोन केंद्रांचा संबंध विनाकारण कमकुवत दिसतो.

पंधरा मिनिटांच्या नोंदींतून साडेआठचा दिवस काढायचा तर वेळेतून ३०६०० सेकंद, म्हणजे साडेआठ तास, आणि वर १ सेकंद वजा करा. तो एक सेकंद कशासाठी? बरोबर ८.३० ची नोंद ही ८.१५ ते ८.३० च्या पावसाची असते, ती संपणाऱ्या दिवसात जायला हवी. वजाबाकीनंतर ॲज डॉट डेट लावा, आणि विभागाच्या पद्धतीने नाव द्यायचं असेल तर त्यात १ दिवस मिळवा.

त्या ॲज डॉट डेटला टीझेड, म्हणजे टाइमझोन, 'एशिया/कोलकाता' दिलंच पाहिजे. आरच्या जुन्या आवृत्त्यांत पीओएसआयएक्ससीटी या तारीख-वेळेच्या प्रकारावरून तारीख काढताना मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे) धरला जातो, आणि पहाटे ५.३० पूर्वीचा सगळा पाऊस आदल्या दिवशी जातो. 'आयएसटी' असं लिहू नका. ही तीन अक्षरं आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही वापरतात, आणि आरला ती ओळखता आली नाहीत तर ते यूटीसी धरून पुढे चालतं. लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) यूटीसीमध्ये नोंदवत असेल तर गणित सोपं आहे, आपले ८.३० म्हणजे तिथले ०३.००.

वेळ एएम-पीएमने लिहिलेली असेल तर तासासाठी मोठा आय आणि सोबत छोटा पी लागतो. मोठा एच दिला तर ०२:३० पीएममधलं पीएम सोडून दिलं जातं आणि दुपारचा पाऊस पहाटे अडीचला पडतो. तासवार आलेखात दुपारी एकनंतर एकही नोंद नसेल तर हेच झालंय.

मध्यरात्रीच्या नोंदीही बघा. काही फायलींत ००:०० ची वेळ गळून नुसती तारीख उरते. ॲज डॉट पीओएसआयएक्ससीटीला फॉरमॅट न देता असा कॉलम दिला तर ते सगळ्या नोंदींना बसेल असा साचा शोधतं, आणि तो सापडतो फक्त तारखेचा. एका नोंदीपायी पूर्ण कॉलमची वेळ जाते, सगळ्या नोंदी ००:०० होतात, इशाराही येत नाही. आरमधून फाईल लिहिताना वेळेचा कॉलम फॉरमॅटने पूर्ण मजकूर करून मगच लिहा.

आता आलेख

तारीख मजकूरच राहिली असेल तर बेस प्लॉट, म्हणजे आरचं स्वतःचं प्लॉट फंक्शन, 'नीड फायनाइट एक्सलिम व्हॅल्यूज' म्हणून थांबतं. जीजीप्लॉट थांबत नाही. ते आडव्या अक्षावर प्रत्येक तारखेचं लेबल छापून काळा पट्टा करतं, क्रम अक्षरांप्रमाणे लावतं (०१/०६, ०१/०७, ०१/०८, मग ०२/०६), आणि जिऑम_लाइनला प्रत्येक ग्रुपमध्ये एकच नोंद असल्याचं सांगतं. ग्रुप = १ टाकून रेघ येते, पण ती चुकीच्या क्रमाने जोडलेली असते. उपाय फक्त क्लास तारखेचा करणं. बेस प्लॉटमध्ये टाइप एल दिल्यावर रेघ मागेपुढे धावत गोधडीसारखी विणली गेली, तर क्लास बरोबर आहे, पण ओळी क्रमाने नाहीत, ऑर्डर लावा.

रोजच्या पावसाला रेघ नको, पट्ट्या काढणारं जिऑम_कोल हवं. आज ० आणि उद्या ६० असेल तर मधल्या तिरक्या रेघेला काही अर्थ नाही. पण पट्ट्यांचे दोन सापळे आहेत. एकाच तारखेच्या दोन ओळी असतील तर जिऑम_कोल त्या एकावर एक रचतं आणि दुप्पट पाऊस दाखवतं, म्हणून आधी एनीडुप्लिकेटेड बघा. दुसरं, शून्याचा दिवस आणि नोंद नसलेला दिवस पट्टीच्या आलेखात अगदी सारखे दिसतात. टायडीआर पॅकेजच्या कम्प्लीटने पहिल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळे दिवस भरून घ्या, आणि एनए दिवसांवर शून्याच्या रेषेवर शेप ४ ची फुली काढा. अशा फुल्या असलेला आलेख वाचणाऱ्याला फसवत नाही. अक्षावर वेळेसकट पीओएसआयएक्ससीटी असेल तर पट्टीची रुंदी सेकंदांत मोजली जाते. एका दिवसासाठी ८६४०० द्या.

उभ्या अक्षाची मर्यादा वायलिमने घालू नका. वायलिम ० ते ३०० दिलं तर ९४४ ची पट्टी कापली जात नाही, ती पूर्ण नाहीशी होते, आणि खाली फक्त 'रिमूव्ह्ड १ रो' असं येतं. या भागाच्या पावसाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस आलेखातून असा निघून जावा हे कुणालाच चालणार नाही. कोऑर्ड_कार्टेशियनमध्ये मर्यादा द्या, मग पट्टी वरून कापलेली का होईना, दिसते. मुसळधार, अति मुसळधार आणि अतिवृष्टीच्या रेषा हव्या असतील तर जिऑम_एचलाइन ६४.५, ११५.६ आणि २०४.५ मिमीवर.

वर्षांची तुलना करताना वर्षातल्या दिवसाचा क्रमांक वापरला तर १ जून साध्या वर्षी १५२ वा आणि लीप वर्षी १५३ वा येतो, रेघा एका दिवसाने सरकतात. सगळ्या तारखांचं वर्ष २००० करा. ते लीप वर्ष असल्याने २९ फेब्रुवारीही टिकते. एकूण पावसाची चढती रेघ कमसमने काढताना एक एनए आला की पुढची सगळी रेघ नाहीशी होते. तिथे शून्य भरायचंच असेल तर आलेखाखाली तसं लिहा, कारण मग एकूण पाऊस खऱ्याहून कमीच दिसणार.

मराठी लेबलांसाठी महिन्यांच्या नावांचा बारा शब्दांचा वेक्टर करा आणि स्केल_एक्स_डेटच्या लेबल्सला एक छोटं फंक्शन द्या, जे तारखेतून महिन्याचा क्रमांक काढून त्या जागचं नाव परत देईल. लोकेलवर विसंबलात तर दुसऱ्याच्या संगणकावर तेच लेबल इंग्रजीत येईल. महिना मजकूर म्हणून थेट अक्षावर टाकला तर क्रम अकारविल्हे लागतो, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. म्हणून अक्षावर तारीखच ठेवा.

पीएनजी काढताना रॅग पॅकेजचं एजीजी_पीएनजी वापरा, ते जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट बसवतं. शोटेक्स्ट अक्षरं एकेक करून काढतं, त्यात 'सप्टेंबर' आणि 'मिलिमीटर' दोन्ही मोडतात. साधं पीडीएफ डिव्हाइस देवनागरीला चालत नाही, कैरो_पीडीएफ घ्या. फॉन्टचं नाव थीममधल्या टेक्स्टच्या फॅमिलीत स्पष्ट द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, विंडोजवर निर्मला यूआय. जिऑम_टेक्स्ट थीमचा फॉन्ट उचलत नाही, त्याला फॅमिली वेगळी द्यावी लागते.